थेटिसच्या तोंडचा तो लांबलचक शब्द: अर्थ लावताना या चुका टाळा

होमरचं ग्रीक महाकाव्य 'इलियड', सर्ग 18, ओळ 54. वीर अकिलीसची आई, सागरदेवता थेटिस स्वतःला 'दुसरिस्तोतोकेया' म्हणते. भाषांतरात याचं 'अभागी आई' होतं आणि पुढची ओळ सुरू होते. या चुकीचा आता कंटाळा आलाय.

शब्द आधी फोडा. 'दुस्' म्हणजे दुर्दैवातलं आपलं 'दुर्', दोघांचं मूळ एकच. 'अरिस्तोस' म्हणजे सर्वांत थोर. त्यातलं 'इस्तोस' हे ज्येष्ठ-कनिष्ठमधल्या 'इष्ठ'चं भावंड. 'तोक' जन्म देण्याच्या धातूवरून. 'अभागी आई'त मधला 'अरिस्तोस' गळतो, म्हणजे रडण्याचं कारणच गळतं. थेटिस लगेच सांगते: वीरांत उठून दिसणारा मुलगा मी जन्माला घातला, मळ्यातल्या रोपासारखा जपला, ट्रॉयच्या युद्धाला धाडला, वडिलांच्या, पेलेउसच्या घरी परत आलेला तो मला दिसायचा नाही. तेव्हा 'सर्वांत थोर मुलाला जन्म देऊन दुःखच पदरी पडलेली' एवढं लांब लिहावं लागलं तरी लिहा. शब्दाला शब्दच हवा हा हट्ट घाईचा.

'दुस्' दिसला की 'वाईट आई' लिहिणारेही आहेत. होमरच्याच 'ओडिसी'त (23.97) तेलेमाखोस आपल्या आईला, पेनेलोपीला 'दुसमेतेर' म्हणतो, कारण वीस वर्षांनी परतलेल्या नवऱ्यापासून ती दूर बसलेली असते. तिथे दूषण खरंच आईला आहे. 'इलियड'मध्ये (3.39) हेक्टर भावाला, पारिसला 'दुसपारिस' म्हणतो, तेही दूषणच. थेटिसच्या शब्दात मात्र आईही वाईट नाही, मुलगाही नाही. वाईट आहे ते त्या जन्मातून वाट्याला आलेलं.

संस्कृत येणाऱ्यांचा खास खड्डा: संस्कृतात 'तोक' म्हणजे अपत्य, म्हणून ग्रीक 'तोक' तोच, असं ठोकून देणं. संस्कृतातला 'ओ' मूळच्या जोडस्वरातून आलाय. ग्रीक ऱ्हस्व 'ओ'च्या जागी संस्कृतात 'अ' किंवा 'आ' हवा. कानाला सारखं लागलं की नातं जोडायचं, हा आळस आहे.

प्रसंगही नीट वाचा. या ओळीपर्यंत मेलाय तो अकिलीसचा मित्र पात्रोक्लोस. अकिलीस जिवंत आहे. 'मुलाच्या मृत्यूनंतरचा विलाप' ही टीप खोडा.

रूप स्त्रीलिंगी आहे, त्यामुळे 'दुःखी पालक' चालणार नाही.

होमरमध्ये शब्द एकदाच येतो. 'ग्रीक लोक अशा आईला असं म्हणत' हे वाक्य लिहू नका. आणि ओळीचा आकडा ग्रीक संहितेवरूनच घ्या, भाषांतरांत तो सरकतो.