भिंतीसाठी जांभळ्याच्या दोन जवळच्या छटांतून एक निवडताना

शेडकार्डावर दोन फिकट जांभळे शेजारी ठेवले की फरक कळतच नाही. अशा वेळी कार्डावर त्या दोन छटा ज्या पट्ट्यांत आहेत, त्यांतले सगळ्यात गडद चौकोन बघा. एक वांग्याकडे झुकतो की निळ्याकडे, ते तिथे चटकन दिसतं.

मग दोन्हींचे छोटे सॅम्पल डबे आणा. थेट भिंतीवर लावू नका, जुना रंग नजर फसवतो. पांढऱ्या ड्रॉइंगशीटवर दोन हात मारा, पूर्ण वाळू द्या आणि शीट खोलीभर फिरवून बघा.

खरी परीक्षा दिव्याची. जांभळ्यात लाल आणि निळा दोन्ही असल्याने २७०० केल्विनच्या पिवळसर बल्बखाली तो गुलाबी-तपकिरी वाटतो, ६५०० च्या पांढऱ्या ट्यूबखाली निळसर. नागपुरात तर हे फारच महत्त्वाचं! उन्हाळ्यात आपल्याकडे खिडकीत कूलर, बाकी पडदे ओढलेले. भरदुपारीही खोलीत दिवा लागतो. म्हणून दिव्याखाली आवडेल तीच छटा घ्या.

तरीही अडलं तर जास्त राखाडी मिसळलेली निवडा. चारही भिंतींवर रंग कार्डापेक्षा भडक दिसतो. डब्यावरचा शेडचा कोड मात्र लिहून ठेवा, टचअपला लागतो.