जैसलमेरच्या वाळूत चार दिवस: गटाच्या बाईक राइडचं नियोजन

थरच्या वाळवंटातली राइड आखताना बहुतेक गट नकाशावर किलोमीटर मोजत बसतात आणि सगळा घोळ तिथूनच सुरू होतो. डांबरी रस्त्यावर ताशी ६०-७० ने जाणारा गट मोकळ्या वाळूत ताशी १०-१५ वर येतो, आणि एक बाईक रुतली की सगळेच थांबतात. म्हणून वाळूतला दिवस तासांत मोजा. प्रत्येक टप्प्यापुढे आधी एकच गोष्ट लिहून ठेवा: इथे कोणाचा पाय मोडला तर डांबर किती लांब, आणि चारचाकी कुठून येणार? डांबर १५ किलोमीटरपेक्षा लांब असेल तर तो टप्पा बदला. मुक्काम, जेवण, फोटोच्या जागा हे सगळं त्यानंतर.

नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत जाणं बरं. उन्हाळ्याचा विचारही नको. जैसलमेरच्या शेजारच्या फलोदीत १९ मे २०१६ रोजी पारा ५१ अंशांवर गेला होता. हिवाळ्यात दुपारी २५ च्या आसपास आणि पहाटे ५-७ अंश असा फरक असतो, त्यामुळे जाड जॅकेटपेक्षा काढता-घालता येणारे तीन पातळ थर कामाला येतात. डिसेंबरात तिथे सूर्य सव्वासातनंतर उगवतो आणि सहाच्या सुमारास मावळतो. सकाळची आवराआवर आणि मुक्कामाआधीचा राखीव तास वजा केला, तर वाळूत घालवायला जेमतेम सहा तास उरतात. नाताळ ते नववर्ष टाळा. माघ पौर्णिमेच्या सुमारास मरू महोत्सव असतो, तेव्हाही खोल्या मिळत नाहीत.

मुंबईहून जैसलमेर हजार-अकराशे किलोमीटर आहे, म्हणजे अहमदाबाद किंवा पालनपूरला मुक्काम करून दोन दिवस. पण जाड गोट्यांचे ऑफरोड टायर घालून एवढं डांबर कापलं, तर वाळूत पोचेपर्यंत मागच्या टायरची धार गेलेली असते. त्यापेक्षा बाईक रेल्वे पार्सलने जोधपूरला पाठवा आणि तिथून २८० किलोमीटर चालवत जा. पार्सलला टाकी पूर्ण रिकामी लागते आणि आरसीची प्रत द्यावी लागते. बाईक तुमच्याच गाडीतून जाईल याची खात्री नसते, म्हणून किमान दोन दिवस हाताशी ठेवा.

कुठे जाता येतं, कुठे नाही

तनोट माता मंदिर आणि लोंगेवाला युद्धस्मारक इथे भारतीय नागरिकांना ओळखपत्रावर जाता येतं. मूळ कार्ड जवळ ठेवा. तनोटच्या पुढे सीमेच्या खांबापर्यंत जायला बीएसएफची परवानगी लागते. सीमेलगतची इतर गावं अधिसूचित क्षेत्रात येतात, तिथल्यासाठी जैसलमेरच्या प्रशासनाकडे आधी चौकशी करा. गटात परदेशी पासपोर्टवाला कोणी असेल, मग तो ओसीआय कार्डवाला (भारतीय वंशाचा, पण परदेशी नागरिक) पुण्याचाच मित्र का असेना, त्याला भारतीयांचे नियम लागू होत नाहीत. त्याच्या परवानगीला वेळ लागतो, म्हणून ते काम सर्वात आधी.

पोखरणच्या फायरिंग रेंजमध्ये शिरायचं नाही. कुंपण तुटलेलं दिसलं, चाकांच्या खुणा आत गेलेल्या दिसल्या तरी नाही. वाळूत न फुटलेले गोळे असतात. डेझर्ट नॅशनल पार्कच्या हद्दीतही रस्ता सोडू नका. आपल्याकडे सोलापूरजवळच्या नान्नजला जो माळढोक जवळपास संपला, त्याचा हा शेवटचा मोठा आसरा आहे, आणि तो जमिनीवरच अंडी घालतो. सॅटेलाइट फोन आणि सॅटेलाइटवरून संदेश पाठवणारी यंत्रं परवान्याशिवाय बाळगणं भारतात गुन्हा आहे. परदेशातून आणलेलं असलं घड्याळाएवढं यंत्रही घरीच ठेवा. सीमाभागात ड्रोनही नको.

गट आणि गाड्या

आठ बाईक हा वरचा आकडा. त्याहून जास्त झाल्या तर दोन स्वतंत्र गट करा, दोघांचे लीड (सर्वात पुढचा स्वार) आणि स्वीप (सर्वात शेवटचा) वेगळे. सोबत एक बोलेरो कॅम्पर ही चारचाकी आणि तिचा स्थानिक चालक हवाच. या खर्चावर घासाघीस करू नका. धोऱ्यांची, म्हणजे वाळूच्या टेकड्यांची, जागा वाऱ्याने सरकते, त्यामुळे गेल्या वर्षीचा जीपीएस ट्रॅक यंदा थेट उतारावर नेऊन सोडू शकतो. कोणत्या ढाणीमागून (वस्तीमागून) वाट जाते हे चालकालाच ठाऊक असतं. फोनमध्ये ऑफलाइन नकाशा ठेवा, पण तो डांबरापर्यंत परत येण्यासाठी. गटात निदान दोन कंपन्यांची सिमकार्डं असू द्या.

वाळूत हलकी बाईक जिंकते. दीडशे-एकशेसाठ किलोची एक्सपल्स एकटा माणूस उचलतो. दोनशेच्या आसपासच्या हिमालयनला दुपारनंतर दोघं लागतात. गाड्या मिश्र असतील तर वेग जड गाडीवरच्या सर्वात नवख्या स्वाराचा. त्याला लीडच्या लगेच मागे ठेवा, शेवटी नाही. शेवटी ठेवला की तो पुढच्यांना गाठायच्या नादात पडतो.

वळण चुकू नये म्हणून कोपरा धरायची पद्धत वापरा: वळणावर लीड दुसऱ्या क्रमांकाच्या स्वाराला उभं करतो, आणि स्वीप दिसेपर्यंत तो तिथून हलत नाही. हे नीट पाळलं तर इंटरकॉमही लागत नाही. गट तुटतो तो बहुतेक वेळा कोपऱ्यावरचा माणूस कंटाळून निघाल्यामुळे. मागच्याला पुढच्याची धूळ खावी लागत असेल तर अंतर कमी आहे.

टायरमधली हवा

रस्त्यावर पुढे २५ आणि मागे ३० च्या आसपास असलेला दाब मोकळ्या वाळूत १६ ते १८ पीएसआयवर आणा. टायर चपटा होतो, जमिनीला लांब टेकतो आणि रुतण्याऐवजी वर तरंगतो. रिम लॉक (टायर रिमला घट्ट धरून ठेवणारा तुकडा) नसेल तर १५ च्या खाली जाऊ नका: थ्रॉटल दिला की रिम फिरते, टायर मागे राहतो, आणि ट्यूबचा व्हॉल्व्ह मुळातून फाटतो. ही ट्यूब मग पॅचनेही दुरुस्त होत नाही. रिम आणि टायरवर मिळून रंगाची एक रेघ ओढून ठेवा. रेघ तुटलेली दिसली की टायर सरकतोय. व्हॉल्व्हची चकती रिमला आवळू नका, वर टोपीजवळ फिरवून ठेवा, म्हणजे व्हॉल्व्ह तिरका होताना दिसतो.

जैसलमेरभोवती नुसती वाळू नाही, मध्येच पिवळ्या दगडाचं पठार लागतं. तिथे कमी हवेने वेगात गेलात तर रिम वाकते. म्हणजे दिवसातून दोनदा तरी हवा भरायची. १२ व्होल्टचा लहान कंप्रेसर एका टायरला सुमारे चार मिनिटं घेतो. १६ टायरांना तासाच्या वर. दोन कंप्रेसर न्या आणि ही वेळ वेळापत्रकात लिहा.

पंक्चर बहुतेक विलायती बाभळीच्या आणि बोरीच्या काट्यांनी होतात. २१ इंची पुढची ट्यूब अडचणीत मागच्या १७-१८ इंची चाकातही बसते, तेव्हा जागा कमी असेल तर २१ च्याच जास्त घ्या. काटा टायरमधून काढल्याची बोट फिरवून खात्री करा, नाहीतर नवी ट्यूब दहा मिनिटांत जाते.

वाळूत चालवणं आणि बाहेर काढणं

उभे राहा, वजन थोडं मागे, गुडघ्यांनी टाकी धरा, हँडल सैल. पुढचं चाक इकडेतिकडे फिरणारच, त्याच्याशी भांडायचं नाही. घाबरून थ्रॉटल सोडला की वजन पुढे येतं, पुढचं चाक रुततं आणि स्वार पडतो. वाळूतले बहुतेक अपघात असेच होतात. पुढचा ब्रेक विसरा. थांबायचं ते कडक जमिनीवर किंवा उताराला तोंड करून. पाय खाली टाकत चालवलं की घोटा मुरगळतो, म्हणून मोटोक्रॉसचे उंच बूट सक्तीचे. ट्रेकिंगचे चालत नाहीत. धोऱ्याच्या माथ्यावरून उडी नको: वाऱ्यामागची बाजू कड्यासारखी उतरते आणि तळाशी पुढचा गट चहा पीत बसलेला असू शकतो. माथ्यावर एक माणूस चालत पाठवा, त्याने हात केल्यावर एकेक बाईक.

पहिला अर्धा दिवस खुडी गावाच्या बाजूला, पण नॅशनल पार्कच्या हद्दीबाहेर, सपाट वाळूत नुसता सराव करा. महाराष्ट्रात सराव करायचाच तर समुद्रकिनारा सोडून करा. कोकणातले किनारे कासवांच्या विणीचे आहेत, गाडी घातली की कारवाई होते, आणि ओल्या वाळूवर शिकलेलं इथे उपयोगी पडत नाही.

बाईक रुतली की चाक फिरवू नका. इंजिन बंद करा, बाईक हळूच आडवी करा, चाकाखालचा खड्डा पायाने बुजवा, उभी करून तोंड उताराकडे वळवा. मग स्वार बाजूला चालत, हलका थ्रॉटल, एकजण मागून ढकलायला. काठोकाठ भरलेली टाकी आडवी केली की झाकणातून पेट्रोल गळतं, म्हणून काम झपाट्याने उरका आणि जवळ कोणी सिगारेट ओढत नाही ना ते बघा. जळका वास आला आणि क्लचचा खेळ बदलला तर वीस मिनिटं सावलीत थांबा. गटात एकाच मॉडेलच्या तीन बाईक असतील तर त्यांच्या क्लच प्लेटचा एक संच कॅम्परमध्ये असू द्या.

पाणी, पेट्रोल, दुखापत

दहा माणसांना रोज माणशी सात लिटर धरा: पाच पिण्याचे, दोन स्वयंपाक आणि धुण्याचे. म्हणजे दिवसाला ७० लिटर, २० लिटरचे चार जार. शिवाय प्रत्येकाच्या पाठीवर दोन लिटर आणि ओआरएसची पाकिटं. विहिरीचं पाणी बऱ्याच ठिकाणी खारट असतं, त्यावर भरवसा ठेवून हिशेब मांडू नका.

जैसलमेर, रामगढ, तनोट, लोंगेवाला आणि परत हा फेरा २७० किलोमीटरच्या आसपास आहे. डांबरावर लिटरला ३० देणारी बाईक मोकळ्या वाळूत १८-२० देते. रामगढला टाकी काठोकाठ भरा, आणि कॅम्परमध्ये धातूच्या कॅनमध्ये २० लिटर असू द्या. नव्या सीमा रस्त्यांवर वारा वाळूचे पट्टे आणून टाकतो आणि अंधारात उंट रस्त्यावर बसतात. सहानंतर कोणीही हँडल धरायचं नाही.

मोडतं ते बहुधा मनगट, घोटा किंवा गळपट्टीचं हाड. वाकवता येणारी स्प्लिंट, क्रेप बँडेज आणि दोरीबरोबर घडीचं स्ट्रेचर कॅम्परमध्ये असावं. मानेला मार असेल तर हेल्मेट उपटू नका. जैसलमेरला सरकारी जिल्हा रुग्णालय आहे, मोठ्या शस्त्रक्रियेला जोधपूर गाठावं लागतं. १०८ ला फोन लागला तरी रुग्णवाहिका वाळूत येत नाही. जखमीला डांबरापर्यंत कॅम्परच आणणार. सकाळी बूट झटकून घाला. विंचू असतात, आणि कोकणातलं फुरसं इथेही आहे.

रोज संध्याकाळी

एअर फिल्टर काढून झटका किंवा धुवा. दुसरा तेल लावलेला फिल्टर पिशवीत तयार ठेवा. चेनला जाड ग्रीस लावू नका, त्यावर चिकटलेली वाळू स्प्रॉकेट खाते. कोरड्या फडक्याने पुसा, ताण तपासा. मग नटबोल्ट, विशेषतः लगेज रॅकचे आणि स्पोकचे. परतीला निघण्यापूर्वी हवा रस्त्याच्या दाबावर आणा, घरी पोचल्यावर चाकांचे बेअरिंग उघडून बघा आणि ब्रेक पॅडमधली वाळू पाण्याने काढा.