उन्हाळ्याच्या यादीत गाडीची किल्लीही

होळी झाली की आमच्या विदर्भात कूलरची खस बदलणं, माठ आणणं, दुपट्टे धुऊन ठेवणं न सांगता सुरू होतं. यंदा त्यात गाडीची किल्लीही धरा. जून २०२३ मध्ये नागपुरात तीन मुलं आणि एप्रिल २०२४ मध्ये मुंबईत अँटॉप हिलला दोन भावंडं खेळता खेळता उभ्या गाडीत शिरली, ती जिवंत बाहेर आली नाहीत. कुणी त्यांना गाडीत सोडून गेलं नव्हतं. ‘मी कुठं लेकराला गाडीत ठेवते’ म्हणणाऱ्यांसाठी हे आधी सांगितलं.

तर किल्ली टीव्हीसमोर नको, पोरांचा हात पोचणार नाही अशा खुंटीला. गाडी दारात असो की पार्किंगमध्ये, लॉक करायची आणि चारही दारं, डिकी ओढून बघायची. गल्लीत महिनोन्‌महिने धूळ खात उभी असलेली कुणाची गाडी असेल, तर मालकाला गाठून ती बंद करून घ्या. वाईटपणा येतो, येऊ द्या. पोर दिसेनासं झालं तर पाण्याच्या टाकीबरोबर आसपासच्या गाड्या लगेच बघायच्या, डिकीसकट. नातेवाइकांना फोन नंतर.

चाईल्ड लॉक लावलेलं असलं की मागचं दार आतून उघडत नाही. म्हणून एखाद्या संध्याकाळी पोराला शेजारी बसवून शिकवा: पुढच्या सीटवर यायचं, दार उघडायचं, नाही उघडलं तर हॉर्न दाबून धरायचा. बऱ्याच गाड्यांचा हॉर्न किल्लीशिवायही वाजतो. तुमचा वाजतो का, ते तेव्हाच कळेल. कॉलनी जागी होईल, एवढंच.

बंद गाडी पहिल्या दहा मिनिटांतच साधारण दहा अंशांनी तापते, काच बोटभर खाली ठेवून फारसा फरक पडत नाही. लहान मुलाचं अंग मोठ्यांच्या तीन ते पाच पट वेगानं तापतं. त्यामुळे ‘दूध घेऊन आलोच’ हेही नको.

बाळाला गाडीत विसरणं बहुधा रोजचा क्रम मोडला की होतं: पाळणाघरात आई सोडते, आज बाबा निघाले, बाळ मागं झोपलं. ऑफिसची बॅग मागच्या सीटवर बाळाशेजारीच ठेवा. पाळणाघरातल्या ताईंना सांगून ठेवा, न कळवता बाळ आलं नाही तर लगेच फोन करा.

कुणाचं मूल अडकलेलं दिसलं, तर ११२ लावा. ते मलूल असेल तर मालकाची वाट बघू नका. मुलापासून लांबची बाजूची काच कोपऱ्यात फोडा, समोरची सहजी फुटत नाही. सावलीत नेऊन कपडे काढा, अंगावर पाणी ओता, वारा घाला, १०८ बोलवा. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी घालायचं नाही. तापाचं औषध इथं कामाचं नाही.