‘इथे इंग्रजांचं विमानतळ होतं म्हणे’, हे खरं की खोटं शोधायचं कसं

नाशिक जिल्ह्यात कुठल्याही पारावर बसा, कोणीतरी सांगतंच की आमच्या माळावर महायुद्धात विमानं उतरायची. अर्ध्या वेळेला त्यात ओझर मिसळलेलं असतं. ओझरचा एचएएलचा (हिंदुस्तान एरोनॉटिक्सचा) कारखाना १९६४ चा, मिग-२१ लढाऊ विमानं बनवायला आलेला, त्याचा महायुद्धाशी काही संबंध नाही, तेवढं आधी बाजूला काढा.

पहिली चूक सगळेच करतात, मीपण केली, ती म्हणजे गुगल अर्थवर डांबराची पट्टी शोधत बसणं. ट्रेनिंगचं मैदान असेल तर डांबर असेलच असं नाही हो. नवशिके शिकायचे टायगर मॉथवर, १३० हॉर्सपॉवरचं दोन पंखी विमान, त्याला ब्रेकच नसायचे आणि शेपटीखाली चाकाऐवजी स्किड म्हणजे नुसती घसरपट्टी, त्यामुळे त्याला गवताळ सपाट माळच बरा. म्हणजे पट्टीपेक्षा शेडचे जोते, पाण्याची टाकी, कुठेच न जाणारा खडीचा रस्ता असलं काही दिसतंय का बघा. आणि आपल्याकडे द्राक्षबागा आणि शेततळ्यांच्या सरळ रेषा फार फसवतात, मी महिनाभर ज्या रेषेवर खूश होतो ती कालव्याच्या कडेची वाट निघाली 😅 गुगल अर्थमध्ये जुन्या तारखांची चित्रं बघायची सोय आहे, बागा लागायच्या आधीचं वर्ष निवडा.

आता खरं काम म्हणजे सातबारा. लोक इंटरनेटपासून सुरू करतात, मी म्हणतो तहसीलपासून करा. आजचा ऑनलाइन उतारा नको, जुने फेरफार म्हणजे गाव नमुना ६ मागा, आणि भूमी अभिलेखकडे कमी-जास्त पत्रक, कारण सरकारने जमीन घेतली की क्षेत्र बदलतं आणि ते तिथे दिसतं. १९४० ते ४६ ची पानं बघा. नोंद मोडीत असू शकते, तेव्हा वाचणारा सोबत न्या. एक फरक नीट वाचा: १८९४ च्या भूसंपादन कायद्याने संपादन झालं असेल तर मालकी सरकारची, पण भारत संरक्षण नियमांखाली नुसता ताबा घेतला असेल तर मालकी शेतकऱ्याचीच राहते. हा फरक किती पेटतो ते कल्याणजवळच्या नेवाळीत दिसलं, युद्धकाळात धावपट्टीसाठी घेतलेली जमीन परत द्या म्हणून २०१७ च्या जूनमध्ये शेतकरी रस्त्यावर उतरले होते. त्यामुळे गावात कागद मागताना आपण इतिहास शोधतोय, जमीन नाही, हे पहिल्या वाक्यात सांगा, नाहीतर चहासुद्धा मिळणार नाही.

नकाशे: अमेरिकन सैन्याने काढलेली यू-५०२ मालिका टेक्सास विद्यापीठाच्या साइटवर फुकट आहे, त्यात विमानतळाच्या खुणा असतात. शोधताना नाशिकचं स्पेलिंग जुन्या पद्धतीने टाका, तेव्हा त्यात एच नसायचा. गोऱ्यांनी नावांची लावलेली वाट तर विचारूच नका, बोटीची वाट बघत देवळालीच्या कॅम्पात पडून डोकं फिरलेल्या सोल्जरवरून इंग्रजीत ‘डूलाली’ हा शब्दच तयार झाला.

म्हाताऱ्या माणसांना ‘लष्करी प्रशिक्षण केंद्र होतं का’ असं विचारू नका, काही हाती लागत नाही. ‘इमान कुठं उतरायचं’ विचारा. साल कोणालाच आठवत नसतं, म्हणून खुणेने विचारा, मुंबईच्या गोदीत स्फोट झाला त्याच्या आधी की नंतर? तो १४ एप्रिल १९४४ चा, ‘चले जाव’ १९४२ चं. अर्थात आता असं सांगणारे नव्वदीच्या आसपासचे, तेव्हा हे काम पुढच्या सुट्टीवर ढकलू नका.

घरात आजोबांची लॉगबुक, म्हणजे उड्डाणांची नोंदवही, असेल तर सोनंच. आपल्या हवाई दलातल्या पोरांचं साधारण असं चालायचं, आधी बेगमपेट किंवा जोधपूरला टायगर मॉथ, मग अंबाल्याला हार्वर्ड नावाचं पुढच्या शिक्षणाचं विमान, मग रिसालपूर-पेशावरकडे लढाऊ विमानांचं ट्रेनिंग. म्हणजे आजोबा ‘नाशिकला उडायला शिकले’ असं घरात कोणी म्हणालं तर कदाचित ते इथे फक्त कॅम्पला होते, लॉगबुकमधलं ठिकाण बघूनच बोला. लंडनच्या क्यू इथल्या नॅशनल अर्काइव्हजमध्ये हवाई दलाच्या स्टेशनांच्या रोजनिशा ‘एअर २८’ या कागदपत्रांच्या मालिकेत आणि ट्रेनिंग युनिटच्या ‘एअर २९’ मध्ये आहेत. दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागाराचं ‘अभिलेख पटल’ घरबसल्या बघता येतं, शोध जरा कटकटीचा आहे पण फुकट आहे.

शेवटी पायी फिरा, पण नाशिकमधल्या गांधीनगरचा विमानतळ लष्कराचा आहे, २००३ पासून तिथे आर्मी एव्हिएशनचं ट्रेनिंग चालतं, तिथे फोटो-ड्रोनचे लाड नकोत. इतर माळावर कुंपणं बघत चला. दहा फूट लांब, सव्वा फूट रुंद, गोल भोकांचा लोखंडी पत्रा गोठ्याला ठोकलेला दिसला तर थांबा, युद्धात तात्पुरत्या धावपट्ट्या असल्या पत्र्यांच्याच असायच्या, एकेक तीस किलोचा. भंगारातून आलेलाही असू शकतो, म्हणून मालकाला विचारा की हा आणला कुठून. आणि जमिनीत रुतलेलं लोखंडी नळकांडं वगैरे दिसलं तर हात लावायचा नाही, सरळ ११२ लावायचा.