वसंतातील शुभेच्छापत्रे आणि कागदकाम: या चुका टाळा

फाल्गुन लागला आणि शिगम्याच्या ढोलांचा सराव कानावर येऊ लागला की गोव्यातील अनेक घरांत आणि शाळांत गुढीपाडव्यासाठी शुभेच्छापत्रे, तोरणे आणि कागदी फुले करण्याची लगबग सुरू होते. मन लावून केलेली ही पत्रे पाडव्यापर्यंत वाकतात, त्यांच्या घडीवर तडे जातात किंवा आत चिकटवलेल्या फुलांवर बुरशी धरते, तेव्हा करणाऱ्याचा विरस होतो. या बिघाडांचे कारण बहुतेक वेळा एकच असते. कृती थंड आणि कोरड्या प्रदेशातील चित्रफितीवरून जशीच्या तशी उचललेली असते, आणि काम मात्र समुद्रकाठच्या दमट हवेत चाललेले असते. हवा येथील असेल तर कागद, डिंक आणि फुले यांचा विचारही येथूनच सुरू करायला हवा.

पत्र वाकते, घडीवर तडकते

कागद हवेतील ओलावा सतत शोषत आणि सोडत असतो. ओलावा मिळाला की त्याचे तंतू लांबीपेक्षा रुंदीत कितीतरी अधिक फुगतात, आणि यंत्रावर तयार झालेल्या कागदात बहुतेक तंतू एकाच दिशेने बसलेले असल्यामुळे संपूर्ण कागद एका बाजूला वळतो. छपाईवाले या दिशेला ग्रेन म्हणतात. घडी या दिशेला समांतर असेल तर ती स्वच्छ पडते. आडवी असेल तर जाड कार्डशीट घडीवर फाटल्यासारखी दिसते आणि तिचा रंग उडून आतला पांढरा कागद दिसू लागतो. दिशा ओळखण्यासाठी कागद दाब न देता एकदा लांबीत आणि एकदा रुंदीत वाकवून पाहावा. ज्या बाजूने तो सहज वाकतो, घडी त्या बाजूने घालावी. घडी घालण्यापूर्वी पट्टी धरून, शाई संपलेल्या बॉलपेनने त्या जागी एक हलकी खोबण पाडावी. एवढ्या एका सवयीने पत्राचे रूप पालटते.

दुसरी चूक डिंकाची. फेव्हिकॉलसारख्या पांढऱ्या डिंकात पाणी असते. तो बाटलीतून सरळ कागदावर ओतला, की कागद आधी फुगतो आणि पाणी उडून जाताना आक्रसतो, म्हणून त्यावर सुरकुत्या पडतात. लवकर वाळावे म्हणून पत्र पंख्याखाली उघडे ठेवले तर वरची बाजू आधी सुकते आणि पत्र होडीसारखे वळते. डिंक चपट्या कुंचल्याने अगदी पातळ लावावा, पत्र दोन टिपकागदांमध्ये ठेवून त्यावर पाट किंवा जाड पुस्तके ठेवावीत आणि रात्रभर तसेच राहू द्यावे. मोठ्या पृष्ठभागावर कागद चिकटवायचा असेल तर कांडीचा कोरडा डिंक अधिक विश्वासाचा. मैद्याची खळ स्वस्त आणि घट्ट असली तरी आपल्याकडे तिला बुरशी लवकर येते आणि तिच्या वासाने कसरही लागते. ती टिकावी म्हणून काही जण तिच्यात मोरचूद घालतात. पण मोरचूद विषारी असल्यामुळे मुले काम करीत असतील तेथे ही पद्धत कधीही वापरू नये.

कागद निवडताना छायाप्रतीच्या दुकानातील ७० ते ८० जीएसएमचा (जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर कागदाचे ग्रॅममधील वजन) कागद पत्राच्या पायासाठी घेऊ नये. त्यासाठी २०० ते ३०० जीएसएमची कार्डशीट आणि फुलांसाठी १२० जीएसएमच्या आसपासचा रंगीत कागद घ्यावा.

वसंत कोणाचा काढतो आहोत?

या मुद्द्यावर मला थोडे अधिक बोलायचे आहे, कारण चुकलेली घडी पुन्हा घालता येते, पण न पाहिलेले फूल कागदावर उतरत नाही. पाडव्याच्या पत्रावर ट्यूलिप आणि चेरीचा बहर दिसतो, आणि सत्तरी-डिचोलीच्या वाटेवर फुललेला पळस त्यावर कुठेच नसतो. जे पळस काढतात, तेही पुष्कळदा पाच सारख्या पाकळ्यांचे गोल फूल कापतात आणि मागे हिरवी पाने लावतात. प्रत्यक्षात पळस फुलतो तेव्हा झाड जवळजवळ निष्पर्ण असते आणि त्याचे फूल गोल नसते. एक पाकळी मागे वळलेली असते, दोन बाजूला असतात आणि उरलेल्या दोन जुळून पोपटाच्या चोचीसारखा बाक तयार होतो. हा बाक साधण्यासाठी केशरी कागदाचा साधारण ४ सेंटीमीटर लांबीचा चंद्रकोरीच्या आकाराचा तुकडा कापावा, मध्यावर खोबण पाडून तो हलकेच दुमडावा आणि बुडाशी गडद तपकिरी मखमली कागदाची लहानशी वाटी बसवावी. ही काळपट, लवदार वाटी नसेल तर केशरी रंगाला उठावच येत नाही.

बहाव्याच्या लोंबत्या घोसातही अशीच गफलत होते. घोसातील वरची फुले आधी उमलतात आणि कळ्या खालच्या टोकाला राहतात. क्विलिंगच्या, म्हणजे कागदी पट्ट्या गुंडाळून नक्षी करण्याच्या, ३ मिलीमीटर रुंदीच्या पिवळ्या पट्ट्यांनी घोस करताना वर सैल, मोठी वेटोळी आणि खाली घट्ट, लहान वेटोळी लावली तर बहावा लगेच ओळखू येतो. काजूची बी बोंडाच्या खाली, बाहेर लटकलेली असते. ती आत किंवा देठाकडे काढू नये. आणि गुढीवरचा तांब्या उपडाच हवा.

सुकवलेली फुले

पहाटेच्या दवात तोडलेली फुले वहीत दाबली तर ती सुकण्याआधीच काळवंडतात. दव पूर्ण उडाल्यावर, ऊन तापू लागताना फुले तोडावीत आणि पहिले काही दिवस टिपकागद रोज बदलावा. किनारपट्टीवरील घरात हे टाळून चालत नाही. अबोलीच्या पातळ पाकळ्या आणि बोगनवेलीची रंगीत पाने दाबण्यासाठी उत्तम. चाफा, जास्वंद आणि सावरीची मांसल फुले या कामाची नाहीत. सुरंगी कितीही मोह घालत असली तरी सुकल्यावर तिचे केसर झडतात, म्हणून ती गजऱ्यातच शोभते. फुले कागदासारखी कुरकुरीत झाल्याशिवाय त्यांच्यावर चिकट प्लास्टिकचा थर लावू नये, कारण आत अडकलेल्या ओलाव्याला बाहेर पडायला वाट राहत नाही आणि तेथेच बुरशी धरते.

पळसाच्या फुलांचा किंवा हळदीचा घरगुती रंग सुंदर दिसतो, परंतु तो उन्हाने उडतो, आणि हळदीला साबणाचा हात लागला तरी ती लालसर होते. असे पत्र भिंतीवर लावू नये. घडी मिटून ठेवण्याजोगे करावे.

उघडताच उभे राहणारे फूल

उघडताच फूल उभे राहील अशा पत्रात सर्वांत जास्त घोळ मापांचा होतो आणि मिटलेल्या पत्रातून पाकळ्या बाहेर डोकावतात. हिशेब सोपा आहे: फूल घडीपासून जितके पुढे उभे केले ते अंतर आणि फुलाची उंची यांची बेरीज पानाच्या रुंदीपेक्षा कमी असली पाहिजे. ए५ कागद मधोमध दुमडला की पान १०५ मिलीमीटर रुंद राहते. फूल घडीपासून ४० मिलीमीटरवर असेल तर ते ६० मिलीमीटरपेक्षा उंच असू नये. डिंक लावण्यापूर्वी साध्या कागदावर नमुना करून तो मिटून पाहावा.

पत्र पूर्ण झाल्यावर लिफाफा शोधत बसणे ही शेवटची अडचण. ए५ दुमडून केलेल्या पत्राला ११४ × १६२ मिलीमीटरचा सी६ लिफाफा लागतो. तो आधीच आणून ठेवावा आणि क्विलिंगचा उंचवटा त्यात मावतो का, हे पाहावे. टपालाने पाठवायचे असेल तर उंचवट्यावर पातळ पुठ्ठा ठेवावा, म्हणजे शिक्क्याच्या दाबाने वेटोळी चेपत नाहीत. पत्ता मात्र पत्र आत घालण्यापूर्वीच लिहावा. नंतर लिहिला तर पेनाचे वळ आतल्या फुलांवर उमटतात.