पॉइंटरच्या अ‍ॅरेला जागा देताना: आधी चिठ्ठ्या, मग क्रेट

पंचवटीत माझ्याकडे संध्याकाळी डिप्लोमाची सात-आठ मुलं सी ही प्रोग्रामिंगची भाषा शिकायला येतात. "मॅडम, प्रोग्राम चालतो, पण यादीत सगळीकडे एकच नाव येतं," हे दर वर्षी कुणीतरी म्हणतंच. मग मी पिंपळगाव बसवंतच्या टोमॅटो मार्केटपासून सुरुवात करते, कारण निम्मी मुलं त्याच बाजूची असतात.

समजा, माल घेऊन आलेल्या शेतकऱ्यांची यादी करायचीय. किती जण येतील ते सकाळी ठाऊक नसतं, नावंही लहान-मोठी. पॉइंटर म्हणजे चिठ्ठी: क्रेट कुठे ठेवलाय तेवढंच तिच्यावर लिहिलेलं. चिठ्ठीत टोमॅटो नसतात.

म्हणून जागा दोनदा मागायची. डबल स्टारवाला (**), म्हणजे चिठ्ठ्यांच्या ओळीचा पत्ता ठेवणारा पॉइंटर घ्या, त्याला 'नावे' म्हणू, आणि आधी मॅलॉकने (मेमरीत जागा मागायचं फंक्शन) फक्त चिठ्ठ्यांपुरती जागा मागा. 64 बिटच्या मशीनवर एक पॉइंटर 8 बाइटचा, म्हणजे 40 जणांना 320 बाइट. इथे बरेच जण साइझऑफमध्ये (हे आकार बाइटमध्ये सांगतं) पॉइंटरऐवजी 1 बाइटचा कॅरॅक्टर लिहितात. मग 40 बाइटच मिळतात, पाच चिठ्ठ्या मावतात आणि सहावी दुसऱ्याच्या जागेत जाते. तरीही प्रोग्राम कधीकधी चालतो, म्हणून ही चूक फार उशिरा सापडते. मी साइझऑफमध्ये प्रकार लिहीतच नाही, '*नावे' लिहिते. पुढे प्रकार बदलला तरी आकार बरोबर राहतो. मॅलॉकऐवजी कॅलॉक (हे जागा शून्यांनी भरून देतं) घेतलं तर आपल्या नेहमीच्या मशीनवर सगळ्या चिठ्ठ्या नल, म्हणजे कोऱ्या असतात, आणि नलवर फ्री केलं, म्हणजे जागा परत केली, तरी काही बिघडत नाही.

आता क्रेट, म्हणजे नावांची खरी जागा. प्रत्येक नाव तात्पुरत्या बफरमध्ये (वाचलेलं थोडा वेळ ठेवायची जागा) वाचा, स्ट्रलेनने लांबी काढा, एक मिळवा, तेवढं मॅलॉक करा, नल आलं (म्हणजे जागा मिळाली नाही असं) नाही ना ते बघा आणि मगच स्ट्रकॉपीने नाव तिथे उतरवा. तो एक बाइट नाव संपल्याची खूण असलेल्या शेवटच्या शून्याचा. मराठी नावांत जास्त सांभाळा: यूटीएफ-8 मध्ये (अक्षरं बाइटमध्ये साठवायची पद्धत) देवनागरीचं प्रत्येक चिन्ह 3 बाइट घेतं. 'नाशिक' लिहायला न, काना, श, वेलांटी, क अशी पाच चिन्हं, म्हणजे 15 बाइट. मागायचे 16.

'सगळीकडे एकच नाव' हे मी स्वतः भोगलंय. एका व्यापाऱ्याला हिशेबपट्टीचा प्रोग्राम करून दिला होता. त्यात नवं मॅलॉक न करता बफरचाच पत्ता प्रत्येक चिठ्ठीवर लिहून ठेवला. चाळीसही पट्ट्यांवर शेवटच्या शेतकऱ्याचं नाव छापून आलं. पैशांसाठी माणसं ताटकळत उभी होती. ती सकाळ मी विसरलेले नाही.

शेतकरी वाढले तर चिठ्ठ्यांची जागा वाढवून मागायची, त्यासाठी रिअ‍ॅलॉक. त्याचं उत्तर आधी वेगळ्या पॉइंटरमध्ये घ्या, नल नसेल तरच 'नावे'मध्ये टाका. थेट टाकलं आणि नल आलं, तर जुन्या यादीचा पत्ताच हातातून जातो. चिठ्ठ्यांचा गठ्ठा दुसरीकडे हलला तरी क्रेट जागच्या जागी राहतात, त्यामुळे नावं पुन्हा कॉपी करायची गरज नाही. वाढलेल्या चिठ्ठ्यांत मात्र कचरा असतो, त्या स्वतः नल करा.

मोकळं करताना उलट क्रम: लूपमध्ये एकेक नाव फ्री, सगळ्यात शेवटी 'नावे' फ्री. गठ्ठा आधी फेकला तर क्रेट कुठे ठेवलेत ते कोण सांगणार? लिनक्सवर असाल तर एकदा व्हॅलग्रिंड या मेमरीच्या चुका शोधणाऱ्या साधनाखाली चालवून बघा. 40 नावं आणि एक गठ्ठा, म्हणजे तुमचे 41 अ‍ॅलॉक आणि 41 फ्री जुळले पाहिजेत.