भीती घालवण्याच्या नादात या चुका टाळा

भीती वाटते म्हणून कुणी हातावर हात ठेवून बसत नाही. माणूस काही ना काही करतच असतो. नको ती जागा टाळतो, जवळच्यांना विचारून खात्री करून घेतो, नाडी तपासतो, मन दुसरीकडे गुंतवतो. त्या घटकेला बरं वाटतं, आणि गोची नेमकी तिथेच आहे. हे लगेच मिळणारं बरं वाटणंच भीतीला पोसत राहतं. अशा माणसाला आजूबाजूचे 'जरा धीर धर' म्हणतात तेव्हा मला वाईट वाटतं, कारण छातीत धडधड घेऊन रोज कामाला जाणाऱ्याकडे धीर मुळातच भरपूर असतो. तो कुठे लावायचा, एवढंच त्याला कुणी सांगितलेलं नसतं.

टाळणं, आणि ऐन भरात असताना निघून जाणं

समजा, एकाला लिफ्टची भीती आहे. दार उघडतं, आत तीन-चार जण उभे आहेत. 'तुम्ही व्हा पुढे' म्हणत हा जिन्याकडे वळतो. पहिला मजला चढेपर्यंत पोटातला गोळा विरघळतो, हात कोरडे होतात. मेंदू हे नीट टिपून ठेवतो: जिना धरला म्हणून वाचलो. लिफ्टमध्ये गेलो असतो तर काहीच झालं नसतं, हे कळायची संधी मात्र हुकते. पुढच्या वेळी लिफ्ट नुसती दिसली तरी धडधड सुरू होते, आणि काही महिन्यांनी वरच्या मजल्यावरची मुलाखतच नको वाटायला लागते.

टाळणं नेहमी इतकं उघड नसतं. फोन करायचा तिथे मेसेज टाकणं, बँकेचं पत्र न फोडता खणात सरकवणं, तपासणीची तारीख पुढे ढकलत राहणं, हेही टाळणंच. अर्ध्यातून उठून जाणं तर त्याहून वाईट, कारण भीती शिगेला असताना बाहेर पडलं की 'निघालो म्हणून निभावलं' हा समज आणखी घट्ट होतो.

यावरचा इलाज शंभर वर्षं जुना आहे. १९२४ साली मेरी कव्हर जोन्स या मानसशास्त्रज्ञ बाईंनी सशाला घाबरणाऱ्या पीटर नावाच्या लहान मुलावर केलेलं काम प्रसिद्ध केलं. मूल आवडीचं खात असताना पिंजऱ्यातला ससा लांब ठेवायचा, आणि ते सोसवेल तसतसा जवळ आणायचा. शेवटी तो मुलगा सशाला हाताने कुरवाळू लागला. पुढे १९५०च्या दशकात जोसेफ वोल्पी यांनी मोठ्या माणसांसाठी पायऱ्यांची पद्धत बसवली. भीतीला शून्य ते शंभर गुण द्यायचे आणि कमी गुणांच्या पायरीपासून चढत जायचं.

आपल्या लिफ्टवाल्याची यादी अशी होऊ शकते: बाहेर उभं राहून दार उघडता-मिटताना पाहणं, आत पाऊल टाकून लगेच बाहेर येणं, सोबत कुणाला घेऊन एक मजला जाणं, एकट्याने एक मजला, एकट्याने सगळे मजले, आणि शेवटी गर्दीच्या वेळी. साधारण तीस-चाळीस गुणांच्या पायरीपासून सुरुवात करा. एकच पायरी पुन्हा पुन्हा करा, शक्यतो रोज. 'आज भीती वाटली का' हे मोजायचं नाही, 'आज थांबलो का' हे मोजायचं.

गेलो खरा, पण आधार घेऊन

ही चूक प्रामाणिक कष्ट करणाऱ्यांकडूनच होते, म्हणून तिच्याबद्दल जरा सविस्तर. माणूस टाळत नाही, जातो. पण जाताना खिशात गोळी, हातात पाण्याची बाटली, दाराजवळची खुर्ची, फोनवर कुणीतरी तयार. सगळं सुरळीत पार पडतं, तरी भीती तसूभर हलत नाही, कारण श्रेय बाटलीला जातं.

चारचौघांत बोलण्याच्या भीतीत हे आधार दिसतही नाहीत. बैठकीत बोलायची पाळी येणार असलेली एक बाई डोळ्यांसमोर आणा. वाक्यं तिने शब्दन् शब्द पाठ केली आहेत. कागद दोन्ही हातांनी घट्ट धरलाय, म्हणजे बोटांची थरथर दिसू नये. बोलताना तिचं अर्धं लक्ष स्वतःच्याच आवाजाकडे आहे: कापला का, चेहरा लाल झाला का. मान खाली, बोलणं घाईचं. समोरच्या दोघांनी मान डोलावलेली तिला दिसतच नाही. म्हणजे आपण बरं बोलतो याचा पुरावा समोर होता आणि तो बघायला ती मोकळी नव्हती. वर, कागदावर खिळलेली नजर पाहून ऐकणाऱ्यांना ती तुटक वाटली, ते वेगळंच.

इथे दोन गोष्टी उपयोगी पडतात. पहिली, आधार एकेक करून सोडायचे. या खेपेला कागद टेबलावर, पुढच्या खेपेला पाठांतराऐवजी फक्त चार मुद्दे. दुसरी, जाण्याआधी आपलं भाकीत लिहून ठेवायचं, तेही नेमकं. 'वाईट होईल' असं लिहून चालत नाही. 'माझा आवाज कापेल आणि कुणीतरी हसेल' असं लिहा, आणि परत आल्यावर त्याच कागदावर काय झालं ते लिहा. कधी आवाज कापतोही, पण कुणी हसत नाही. भाकीत आणि घडलेलं यातली ही तफावत स्वतःच्या अक्षरात समोर दिसणं, हे कुणाच्याही समजावण्यापेक्षा जास्त काम करतं.

'विचारच करायचा नाही' असं ठरवणं

मानसशास्त्रज्ञ डॅनियल वेग्नर यांनी १९८७ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. लोकांना सांगितलं, पाच मिनिटं पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका, आणि आलाच तर घंटी वाजवा. घंट्या वाजत राहिल्या. नंतर 'आता खुशाल करा' म्हटल्यावर, आधी विचार दाबणाऱ्यांच्या मनात अस्वल जास्त वेळा आलं. सुरुवातीपासून मोकळीक असलेल्यांच्या मनात ते तितकं आलं नाही. चिंतेचंही असंच होतं.

त्यापेक्षा चिंतेला वेळ नेमून द्या. रोज ठरलेली अर्ध्या तासाची वेळ, ठरलेली जागा, आणि ती जागा अंथरूण नको. दिवसभरात चिंता आली की एका ओळीत टिपून ठेवायची आणि 'संध्याकाळी बघू' म्हणून हातातल्या कामाकडे वळायचं. संध्याकाळी वही उघडून प्रत्येक ओळीला एकच प्रश्न विचारायचा: यावर उद्या मला काही करता येईल का? येत असेल तर ते काम आणि त्याची वेळ तिथेच लिहा. येत नसेल तर ओळ तशीच राहू द्या. पहिले काही दिवस हे पोरकट वाटेल, तरी चालू ठेवा. सकाळी जीव खाणाऱ्या कितीतरी ओळी संध्याकाळी वाचताना फिक्या पडलेल्या असतात.

पुन्हा पुन्हा खात्री करून घेणं, आणि घरच्यांनी ती देत राहणं

'मला काही होणार नाही ना?' या प्रश्नाचं उत्तर घरचे मायेनेच देतात. उत्तर मिळालं की जीव भांड्यात पडतो, तासाभरात पुन्हा तोच प्रश्न. रात्री इंटरनेटवर लक्षणं शोधणं, दर दहा मिनिटांनी नाडी मोजणं, 'पोचलीस का' म्हणून सारखे फोन, ही याचीच रूपं.

घरच्यांनी एकदम तोंड फिरवणं क्रूरपणाचं होईल. बरं चाललेलं असताना, दोघांनी शांतपणे बसून आधी ठरवून ठेवा. मग प्रश्न आला की म्हणता येतं, 'तुला आत्ता फार भीती वाटतेय, ते कळतंय मला. उत्तर तुला माहीत आहे, मी परत देणार नाही, पण इथेच बसते तुझ्याजवळ.' सोबत द्यायची, हमी द्यायची नाही.

घाबरल्यावर जोरजोरात श्वास घेणं

'खोल श्वास घे' हा सल्ला अर्धवट आहे. घाबरलेला माणूस आधीच गरजेपेक्षा जास्त हवा ओढत असतो. त्याने रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, मग चक्कर येते, ओठांभोवती आणि बोटांना मुंग्या येतात, आणि गंमत म्हणजे श्वास पुरत नाही असंच वाटतं. त्यात आणखी मोठे श्वास घेतले की लक्षणं वाढतात. श्वास मोठा करण्यापेक्षा हळू करा: नाकाने साधा श्वास घ्या आणि सोडताना घेण्यापेक्षा जास्त वेळ लावा. पॅनिक अटॅक, म्हणजे अचानक उसळणारा भीतीचा झटका, काही मिनिटांतच टोकाला पोचतो आणि मग आपोआप उतरू लागतो, एवढं लक्षात असलं तरी निम्मा धसका कमी होतो.

छातीत पहिल्यांदाच दुखत असेल, दुखणं हातात किंवा जबड्यात जात असेल, दरदरून घाम येत असेल तर मात्र 'चिंताच असेल' असं स्वतः ठरवू नका. ताबडतोब दवाखाना गाठा.

रक्त किंवा सुई पाहून भोवळ येणाऱ्यांची गोष्ट उलटी आहे. इतर भीतीत रक्तदाब वाढतो, यांचा थोडा वाढून मग झपकन खाली येतो. त्यांना 'अंग सैल सोड' सांगणं म्हणजे भोवळीला आमंत्रण. स्वीडनचे लार्स-गोरान ओस्ट यांनी यासाठी स्नायू ताणण्याचं तंत्र विकसित केलं. हात, पाय आणि पोटाचे स्नायू दहा-पंधरा सेकंद घट्ट आवळायचे, चेहऱ्यावर ऊब जाणवली की नेहमीच्या स्थितीत यायचं, अर्धा मिनिट थांबून पुन्हा, असं पाचेकदा. सुई टोचायचा हात तेवढा सैल ठेवायचा.

चहा-कॉफीबद्दल थोडक्यात: पोटात गेलेल्या कॅफीनपैकी निम्मं साधारण पाच तासांनीही अंगात असतं आणि त्याची धडधड भीतीसारखीच वाटते. दुपारनंतर बंद करून पाहा. दारूने रात्री सैल वाटतं, उतरताना चिंता वाढते. झोप येण्यासाठी ती घेणं तर सगळ्यात महागात पडतं.

सगळं करूनही फरक पडत नसेल तर

आधी पायरी तपासा. दर वेळी हातपाय गळत असतील तर ती फार उंच आहे, मध्ये एक घाला. काहीच वाटत नसेल तर वरची घ्या. सराव पंधरा दिवसांतून एकदा होत असेल तर प्रत्येक वेळ पहिलीच ठरते. तिथे उभं असताना मोबाइलमध्ये डोकं घालत असाल तर तोही आधारच. आणि एकाच इमारतीच्या लिफ्टमध्ये सराव केला असेल तर दुसरीकडे भीती वाटणारच. जागा, वेळ, सोबत बदलून पाहा.

गेलेली भीती परत आली, म्हणून पुष्कळ जण हाय खातात. सरावाने जुनी भीती पुसली जात नाही, तिच्या शेजारी नवा अनुभव तयार होतो. आजारपण, ताण किंवा मोठा खंड पडला की जुनं वर येतं. दोन पायऱ्या खाली उतरून पुन्हा सुरू करा, या वेळी चढण सहसा लवकर होते.

भीती खऱ्या धोक्याची असेल तर मात्र हे काहीच लागू नाही. घरात मारहाण होत असेल, कर्ज थकलं असेल, तर भीती सोसायचा सराव करायचा नसतो, मदत मागून बाहेर पडायची वाट शोधायची असते. अत्याचार, अपघात अशा आघातानंतरच्या भीतीवरही एकट्याने सराव करू नका, जाणकार सोबत हवा.

चिंता सहा महिने जवळजवळ रोज राहिली, किंवा त्याआधीच झोप, काम, नाती विस्कटू लागली, तर मानसोपचारतज्ज्ञाकडे जा. थायरॉईड तपासून घ्या, कारण ती ग्रंथी जास्त काम करत असली तरी धडधड, थरथर आणि बेचैनी होते. चिंतेवर रोज घ्यायच्या ज्या गोळ्या सहसा देतात, त्यांचा गुण यायला काही आठवडे लागतात, चार दिवसांत सोडू नका. तात्काळ शांत करणाऱ्या काही गोळ्यांची सवय लागू शकते, त्या दुसऱ्याच्या चिठ्ठीवर घेऊ नका आणि बराच काळ घेत असाल तर मनाने एकदम बंदही करू नका. जगणंच नको वाटू लागलं तर अपॉइंटमेंटची वाट पाहायची नाही. त्याच दिवशी, त्याच घडीला जवळच्या माणसाला सांगा आणि त्याला सोबत घेऊन हॉस्पिटलमध्ये जा.